तिसरा स्ट्राइक सुटला होता

संभाजीनगरातल्या मुकुंदवाडीच्या एका शाळेत मी अठ्ठावीस वर्षं क्रीडाशिक्षक होतो. क्रीडाशिक्षक म्हणजे शाळेतला असा माणूस, की ज्याच्या तासाला गणिताचे सर आपला राहिलेला धडा पूर्ण करतात. पंधरा ऑगस्टचं संचलन, सहलीतली शिट्टी, पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मैदानावर चुन्याची फक्की मारणं आणि दोन पोरं भांडली की त्यांना चकरा मारायला लावणं, एवढ्यापुरती माझी आठवण व्हायची. त्यातून उरलेल्या वेळात मी बेसबॉल शिकवला आणि सुटीच्या दिवशी बेसबॉलच्या सामन्यांत पंच म्हणून उभा राहिलो. या अंकाच्या संपादकांना त्या पंचगिरीच्या गमतीजमती हव्या आहेत. गमती आहेत, एकदोन सांगतो. पण मला खरं म्हणजे एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती गमतीची नाही.

संभाजीनगरात बेसबॉल कशाला, असं लोक विचारतात. खेळावरच्या प्रेमापोटी म्हटलं तर ऐकायला बरं वाटेल, पण ते खोटं होईल. क्रिकेटला एवढी गर्दी, की आमच्या शाळेच्या पोरांना तिथं कुणी पाणी द्यायलाही उभं केलं नसतं. बेसबॉलला जिल्ह्यात मोजक्याच शाळा उतरायच्या. दोन सामने जिंकले की विभागीय स्पर्धा, तिथं चमकलं की राज्याचा संघ. राज्याकडून खेळलेल्या पोराच्या हातात एक प्रमाणपत्र यायचं आणि त्या कागदावर सरकारी भरतीत खेळाडूंसाठी ठेवलेल्या जागांना अर्ज करता यायचा. हातमजुरी करणाऱ्या घरातल्या पोरीला त्या कागदाची किंमत काय असते, हे मी बेसबॉलच्या नियमांच्या आधी शिकलो. माझ्या हाताखालची दोन पोरं पोलिसात आहेत आणि एक तलाठी आहे. वर्दीतलं पोरगं चौकात गाडी अडवून पाया पडलं, की मागचे लोक हॉर्न वाजवतात आणि मला मनातून फार बरं वाटतं.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पिचर चेंडू टाकतो. बॅटर बॅट घेऊन उभा असतो. त्याच्या पाठीमागं कॅचर उकिडवा बसतो आणि कॅचरच्या पाठीमागं, तोंडावर जाळी नि छातीवर पॅड बांधून, पंच. बॅटर उभा असतो त्या जागेला होम म्हणतात. तिथून पहिला बेस, दुसरा, तिसरा असं करत परत होमला आलं की एक रन. बॅट फिरवली आणि चेंडू लागला नाही की एक स्ट्राइक. तीन स्ट्राइक झाले की बॅटर आउट, आणि तिघं आउट झाले की त्या संघाची पाळी संपली. इथपर्यंत सिनेमे बघणाऱ्यांनाही ठाऊक असतं.

पण तिसऱ्या स्ट्राइकला एक शेपूट आहे. हा तिसरा चेंडू कॅचरनं हातमोज्यात नीट पकडायला हवा. तो त्याच्या हातून सुटला, किंवा आधी मातीत आपटून आला, तर बॅटर अजून आउट नाही. त्यानं बॅट टाकायची आणि पहिल्या बेसकडं पळायचं. कॅचरनं चेंडू उचलून त्याच्या अंगाला लावला, किंवा तो पोचायच्या आत बेसवर पोचवला, तरच तो आउट. एक चुकला, पण समोरचाही चुकला, म्हणून पहिल्याला आणखी एक संधी. सगळ्या खेळातला मला हा नियम फार आवडायचा. आयुष्यात एवढा दिलदारपणा मी कुठल्या ऑफिसात पाहिलेला नाही.

त्यालाही एक अट आहे. पहिल्या बेसवर आपला गडी आधीच उभा असेल तर ही संधी मिळत नाही, बॅटर सरळ आउट. तसं नसतं तर कॅचरांनी मुद्दाम चेंडू सोडून एका फटक्यात दोघांना बाद केलं असतं. मात्र त्या पाळीत दोन जण आधीच आउट झाले असतील, तर ही अट उठते. मग पहिला बेस भरलेला असो की रिकामा, बॅटरनं पळायचंच. वाचकांनी बाकीचं विसरलं तरी चालेल, एवढं ध्यानात ठेवावं: दोन आउट असले आणि तिसरा स्ट्राइक सुटला, की पळायचं.

आणि हे पंच सांगत नाही. स्ट्राइकला पंच मूठ वर करतो, आउटलाही मूठच वर करतो. लांबून दोन्ही सारखंच दिसतं. फरक असतो तो तोंडाचा. बॅटर आउट असेल तर पंच तसं म्हणतो. पळायची संधी असेल तर तो गप्प राहतो आणि बॅटरनं आपलं आपण समजून पळायचं असतं. समजलं नाही आणि बॅटर मान खाली घालून होमभोवतीच्या गोलातून बाहेर पडला, तर त्यानं संधी सोडली असं धरून तो आउट. आमच्याकडं हा गोल फक्कीनं काढायचा, आणि दोन पाळ्यांत पोरांच्या बुटांनी तो पुसून जायचा.

क्रिकेटवर वाढलेल्या गावात हा नियम पचायला जड. एकदा आमच्या शाळेच्या मैदानावर एका पोराचा तिसरा स्ट्राइक सुटला. पोरगं शहाणं, सुसाट पळालं आणि पहिल्या बेसवर जाऊन उभं राहिलं. त्याचे वडील रिक्षा बाजूला लावून सामना बघत होते. त्यांना वाटलं, पोरगं आउट होऊनही खेळायचं सोडत नाही. ते थेट मैदानात आले आणि ओरडले, "ये मागं! आउट झालास ना? लाज नाय वाटत का, चार लोकांत बेइमानी करायलास?" पोरगं म्हणालं, "पप्पा, नियम हाय." वडील म्हणाले, "नियम मला शिकवतो का रं?" पोरगं वडिलांचं ऐकणारं. बेस सोडून निघालं, आणि कॅचरनं शांतपणे चेंडू आणून त्याच्या पाठीला लावला. मी आउट दिलं. पुढं कित्येक वर्षं मी ही गोष्ट शिक्षकांच्या शिबिरांत सांगत असे आणि लोक पोट धरून हसत. आता सांगत नाही. ऐकणाऱ्या पोरांचं काय होतं, हे मला त्या वेळी कळायला हवं होतं.

आमच्या पंचगिरीची पद्धतही सांगायला हवी. जिल्ह्यात पंच असे किती असणार? सगळे आम्हीच, क्रीडाशिक्षक. सकाळी माझा संघ खेळतो तेव्हा दुसरा सर पंच, दुपारी त्याचा संघ खेळतो तेव्हा मी. जेवणाचा डबा मात्र एकत्र. त्यामुळं प्रत्येक जण दुसऱ्यावर डोळा ठेवून असायचा: हा आपल्या पोरांना झुकतं माप देतो का? माझ्याबद्दल सगळे म्हणायचे, हा माणूस स्वतःच्या पोराला आधी आउट देईल. हे ऐकून माझी छाती फुगायची. ती फुगलेली छाती पुढं नडली.

गुणफलक लिहायला शेख सर असायचे. शहागंजकडच्या उर्दू शाळेत ते शिक्षक होते. बारीक बांधा, पांढरी टोपी, कानावर पेन्सिल. माझ्या पाठीमागच्या जाळीला टेकून त्यांचं टेबल असायचं. प्रत्येक चेंडूची नोंद त्यांच्या वहीत असायची आणि त्यात कधी खाडाखोड नसायची. आमची वीस वर्षांची संगत. मी पंच म्हणून चांगला होतो असं लोक म्हणायचे, त्यातलं निम्मं श्रेय पाठीमागच्या त्या टेबलाचं होतं.

आता प्रज्ञा.

प्रज्ञा दौलताबादची. किल्ल्याच्या पायथ्याशी तिच्या आईचा फळांचा गाडा होता, अजून आहे. हंगामात सीताफळ, मग पेरू, मग अंजीर. वडील लवकर गेले. मुकुंदवाडीला मामा राहायचा, त्याच्याकडं राहून ती आमच्या शाळेत पाचवीपासून दहावीपर्यंत शिकली. दिसायला किरकोळ, पण हात असा की चेंडू टाकला तर हातमोज्यात फटाका वाजल्यासारखा आवाज यायचा. मी तिला दोन गोष्टी घोटून घोटून शिकवल्या, जशा सगळ्यांनाच शिकवल्या. पहिली: तिसरा स्ट्राइक सुटला की पळायचं. शनिवारी सकाळच्या शाळेनंतर मी पोरींना रांगेत उभं करायचो आणि मध्येच ओरडायचो, "सुटला!" त्याबरोबर सगळ्यांनी हातातली बॅट टाकून पळायचं. प्रज्ञा नेहमी पहिली. दुसरी गोष्ट: पंचाशी वाद घालायचा नाही. पंच आउट म्हणाला की आउट. चुकलं असेल तरी आउट. तोंडातून शब्द काढायचा नाही, मान वर करून बघायचंसुद्धा नाही, गुमान बाहेर यायचं. आमच्या शाळेच्या पोरांना उद्धट म्हणायला लोक टपलेले असायचे, म्हणून मी या बाबतीत फार कडक होतो. एकदा प्रज्ञानं एका पंचाला "कामून आउट?" एवढं विचारलं, तर मी तिला दोन सामने बसवून ठेवलं होतं.

तिची एक सवय होती. आउट किती झाले हे ती बोटांवर ठेवायची. एक झाला की बॅटच्या दांड्यावर डाव्या हाताचं एक बोट सुटं, दोन झाले की दोन बोटं सुटी. मी हसायचो. म्हणायचो, "अगं, पंचाकडं त्यासाठी यंत्र असतं." आणि तळहातातलं क्लिकर दाखवायचो. मुठीत मावणारं, चाकं फिरवून स्ट्राइक आणि आउट मोजायचं ते. ती म्हणायची, "तुमचं तुमच्यापाशी असू द्या सर, माझं माझ्यापाशी."

दहावीनंतर ती कॉलेजला गेली आणि तिथल्या संघातून खेळू लागली. बारावीला असताना त्यांचा संघ विभागीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचला. सामना संपल्यावर त्याच संध्याकाळी राज्याच्या संघाची निवड व्हायची होती. प्रज्ञाचं नाव यादीत येणार हे सगळे धरूनच चालले होते. राज्याकडून राष्ट्रीय स्पर्धा खेळायची, ते प्रमाणपत्र घेऊन पोलीस भरतीला उभं राहायचं, असं तिचं ठरलं होतं. त्या सकाळी तिची आई गाडा बंद ठेवून सामना बघायला आली होती. मला बघून म्हणाली, "सर, आज तुमीच हायसा का मधी? मंग काळजी नाय." मी तिला जरा ताठपणानंच म्हणालो, "मावशी, मैदानात मी कुणाचा सर नसतो."

शेवटची पाळी. प्रज्ञाचा संघ एका रननं मागं. पहिल्या बेसवर एक मुलगी, तिसऱ्यावर एक. त्याआधी दुसऱ्या बेसवर एक मुलगी आउट झाली होती आणि त्यावरून दोन्हीकडच्या सरांनी बराच वाद घातला होता. मी मधे पडून त्यांना आपापल्या जागी पाठवलं. त्या भानगडीत क्लिकरचं चाक फिरवायचं राहिलं. क्लिकरवर एक आउट होता. खरे झाले होते दोन.

प्रज्ञा बॅटिंगला आली. दोन स्ट्राइक झाले. मग पिचरनं एक खाली पडणारा चेंडू टाकला, प्रज्ञानं बॅट फिरवली, बॅट रिकामी गेली. चेंडू मातीत आपटला, कॅचरच्या पायांमधून निसटला आणि थेट मागच्या जाळीपर्यंत गेला. माझ्या डोक्यात हिशेब तयार होता: एक आउट, पहिला बेस भरलेला, म्हणजे बॅटर सरळ आउट. मी मूठ वर केली आणि म्हणालो, "बॅटर आउट."

प्रज्ञा तोवर तीन पावलं पळाली होती. ती थांबली. माझ्या तोंडाकडं तिनं क्षणभर पाहिलं, मग मान खाली घातली, बॅट उचलली आणि आपल्या बाकाकडं चालू लागली. मी शिकवलं होतं तशी.

तेवढ्यात समोरच्या संघाच्या पोरी आरडाओरडा करत, एकमेकींच्या गळ्यात पडत आत पळत आल्या. मला कळेना. अजून एक आउट बाकी असताना या नाचतात का? मी मागं वळून पाहिलं. शेख सरांनी जाळीपलीकडून दोन बोटं वर केली होती.

मी तळहातातलं क्लिकर पाहिलं, त्यावर एकच होता. दोन आउट होते. तिला पळायचा हक्क होता. चेंडू जाळीपाशी पडला होता, ती डोळे मिटून पळाली असती तरी पहिल्या बेसवर पोचली असती, आणि तिसऱ्या बेसवरची मुलगी होमला येऊन बरोबरी झाली असती. पुढं सामना जिंकल्या असत्या की हरल्या असत्या, मला माहीत नाही. पण तिथं संपला नसता.

तिच्या कॉलेजचे सर तरातरा माझ्याकडं आले. त्यांची नजर चेंडूवर होती, माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता. म्हणाले, "सर, बॉल सुटला व्हता. दोन आउट हायेत. पोरीला पळायचा चान्स हाय की नाय?"

पंचाची चूक झाली तर ती दुरुस्त करता येते. माझ्या बोलण्यामुळं बॅटर थांबली असं मान्य करायचं, बेसजवळ उभ्या असलेल्या दुसऱ्या पंचाशी दोन शब्द बोलायचे, तिला पहिल्या बेसवर पाठवायचं, तिसऱ्याचीला होमला. दोन मिनिटांचं काम. समोरच्या संघाचे सर कमरेवर हात ठेवून उभे होते आणि मला त्यांचा चेहरा दिसत होता. तो चेहरा म्हणत होता, बघू या, स्वतःच्या पोरीसाठी हा निर्णय फिरवतो का. माझी इतक्या वर्षांची अब्रू त्या एका चेहऱ्यावर टांगलेली मला दिसली.

मी म्हणालो, "चान्स होता. तिनं गोल सोडला. गोल सोडला की आउट."

"पण तुम्ही आउट म्हणलात का?"

"नाही. मी स्ट्राइकची मूठ दाखवली. आउट म्हटलंच नाही."

हे मी प्रज्ञापासून दहा पावलांवर उभा राहून म्हणालो. तिनं ऐकलं. नियम खरा होता, गोल तिनं सोडला होता, फक्त तो का सोडला एवढंच मी गिळलं. तिच्या सरांनी माझ्यावरचा सगळा राग तिच्यावर काढला. तीन-चारशे माणसं ऐकत होती. "नियम माहीत नाय का तुला? इतकी वर्षं काय शिकलीस? बॉल सुटल्यावर पळायचं असतं हे पाचवीच्या पोराला कळतं!" तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

शेख सर टेबलावरून उठून माझ्यापाशी आले. हळू आवाजात म्हणाले, "सर, आप आउट बोले. मैं सुना. छोकरी को वापस बुला लेव, अब्बी टाइम है."

मी म्हणालो, "शेखसाहेब, निर्णय झालाय. वहीत लिहा."

त्यांनी टोपी काढून पुन्हा डोक्यावर ठेवली आणि जाऊन लिहिलं.

संध्याकाळी निवड समिती बसली. मीही त्या खोलीत होतो. प्रज्ञाचं नाव निघालं तेव्हा कुणी तरी म्हणालं, "हात चांगला आहे, पण ऐन वेळी डोकं चालत नाही. साधा नियम माहीत नाही, राष्ट्रीयला काय करणार?" दुसऱ्यानं माझ्याकडं बघून विचारलं, "तुमचीच ना ही? तुम्ही सांगा." खोलीत चहा आला होता. मी कप उचलला आणि म्हणालो, "मी काय सांगणार? माझी विद्यार्थिनी आहे, मी बोलणं बरं दिसणार नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या निःपक्षपातीपणाचं त्या दिवशीही कौतुकच झालं. यादीत तिचं नाव आलं नाही.

मैदानातली चूक क्षणाची होती, ती एखादा माणूस माफ करील. हा चहाचा कप मी विचार करून उचलला होता.

पुढं तिनं प्रमाणपत्राशिवाय दोनदा भरती दिली, दोन्ही वेळा थोडक्यात राहिली. मग वाळूजला एका कंपनीत कंत्राटावर लागली, बजाजनगरात खोली करून राहिली. कंत्राट संपलं तशी दौलताबादला परत आली आणि आईबरोबर गाड्यावर उभी राहू लागली. हे सगळं मला इकडून तिकडून कळत होतं. वेरूळला सहल न्यायची असली की मी दौलताबादला बस थांबू देत नसे. पोरं किल्ला बघायचा हट्ट धरायची, मी म्हणायचो, पायऱ्या फार आहेत, उशीर होईल. आणि पंच म्हणून मी उभा राहतच होतो. निवृत्तीच्या समारंभात शाल आणि श्रीफळ देताना एका वक्त्यानं सांगितलं, की सरांच्या निर्णयावर कधी कुणी बोट ठेवलं नाही. शेख सर पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, हातरुमालानं चष्मा पुसत राहिले.

गेल्या हिवाळ्यात शेख सर गेले. चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतर त्यांच्या पत्नीनं, आमच्या भाभींनी, मला बोलावून त्यांच्या गुणफलकाच्या वह्या माझ्या हवाली केल्या. "हमको क्या समजते ये, आपच रक्खो," म्हणाल्या. घरी आणून मी पहिल्यांदा ती वही शोधली. प्रज्ञाच्या नावापुढचा चौकोन पाहिला. शाईनं नेहमीची खूण होती, स्ट्राइकवर आउट. आणि समासात, पेन्सिलीनं, बारीक अक्षरात लिहिलं होतं: "बॉल सुटला. दोन आउट. पंच आउट बोलले." अक्षर मराठी, ओळ जरा तिरकी. त्यांनी ते कुणाला दाखवलं नाही आणि खोडलंही नाही.

सीताफळांचा हंगाम लागल्यावर, एका मंगळवारी सकाळी मी वही पिशवीत घालून दौलताबादला गेलो. प्रज्ञा गाड्यावर एकटीच होती. तिशी ओलांडलेली, केसांत एकदोन पांढरे. सीताफळं रचत होती. मला बघून हात पुसले.

"जयभीम सर. लई दिवसांनी वाट चुकलात. बसा की, इथं सावली हाय."

"जयभीम. आई कुठं आहे?"

"गुडघे दुखत्यात तिचे, घरीच असती. तुमचं काय चालू हाय सर? रिटायर झालात म्हणं."

मी बसलो. काय बोलायचं ते रस्ताभर जुळवलं होतं, त्यातलं काही आठवेना. शेवटी वही काढली, पान उघडून तिच्यापुढं धरलं आणि सरळ म्हणालो, "प्रज्ञा, त्या दिवशी दोन आउट होते. मी मोजायला चुकलो. मी आउट म्हणालो होतो, आणि नंतर खोटं बोललो."

तिनं वही हातात घेतली नाही, हात चिकट होते. वाकून वाचली. मग म्हणाली, "शेख सर चांगले व्हते."

"तुला माहीत होतं?"

"व्हय. मी मोजलं व्हतं ना." तिनं डाव्या हाताची दोन बोटं जराशी वर केली. "पळाले पण व्हते."

"मग थांबलीस का? पळत राहिली असतीस तर..."

"तुमी आउट म्हणले ना सर."

तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. कुणी वेळ विचारली आणि सांगितली, तसं ती म्हणाली. मला त्या वेळी तिनं गाड्यावरचं वजन उचलून माझ्या डोक्यात घातलं असतं तर सोसलं असतं. मी रडलो. वर्दळीच्या रस्त्यावर, पर्यटकांच्या गाड्या थांबत असताना, साठी उलटलेला माणूस स्टुलावर बसून रडत होता. तिनं माझ्यासमोर पाण्याची बाटली ठेवली आणि एका गिऱ्हाइकाला सीताफळं निवडून दिली, डोळे उघडलेली, दोन दिवसांत पिकणारी.

मी म्हणालो, "मी बेसबॉलच्या संघटनेला लिहून देतो. वही आहे, पुरावा आहे."

ती हसली. "आता कशाला सर? भरतीचं वय निघून गेलं माझं. आता काय कागदाला गाड्यावर लावू का?"

मग मी या अंकाबद्दल सांगितलं, की पंचगिरीच्या आठवणी लिहायला सांगितल्यात, त्यात हे लिहिलं तर तुला चालेल का? तिनं हातातलं सीताफळ राशीवर ठेवलं.

"लिहा. तुमी काय केलं ते तुमच्या मनानं लिहा, नका लिहू, मला काय नाय त्याचं. पण एक लिहा. त्या दिवशी आमच्या सरांनी सगळ्यांसमोर म्हणलं ना, हिला नियम माहीत नाय. आई व्हती तिथं. तिला अजून तसंच वाटतं, की मी शिकले नाय नीट. संगतीच्या पोरी भेटल्या की अजून त्याच्यावरूनच हसत्यात. तेवढं लिहा, की मला नियम माहीत व्हता."

"नाव बदलून लिहितो."

"नाय नाय. नाव बदललं तर आईला कसं कळंल?"

निघताना तिनं सीताफळांची पिशवी जबरदस्तीनं माझ्या हातात दिली. वही मी तिच्याकडंच ठेवून आलो. छापून आल्यावर हा अंकही तिच्या आईला नेऊन देणार आहे. त्यांना वाचता येत नाही, तेव्हा समोर बसून मलाच वाचून दाखवावा लागेल.

म्हणून नाव बदललेलं नाही. त्या दिवशी दोन आउट झाले होते, तिसरा स्ट्राइक सुटला होता आणि पंच आउट म्हणाला होता. मावशी, प्रज्ञाला नियम माहीत होता.